उजव्या पायाची आठवण

काचीगुडा स्थानकाच्या पार्सल कचेरीपुढे गोणपाटात शिवलेली एखादी तरी मोटारसायकल उभी असतेच. बदलीच्या गावी निघालेल्या कुणा तरुणाची ती असते. टाकीतले पेट्रोल काढून घेतलेले, आरसे उतरवलेले, दिव्यावर जुनी चादर गुंडाळलेली आणि वर गावाचे नाव रंगवलेला पुठ्ठा. सातव्या निजामाच्या कारकिर्दीत, १९१६ साली उभ्या राहिलेल्या त्या घुमट-मिनारांच्या इमारतीपुढे ती अंगभर पांघरूण घेतलेल्या आजाऱ्यासारखी दिसते. २०२५ च्या श्रावणात आमची मुलगी नांदेडहून यावयाची होती. गाडीला तासभर उशीर होता. सौ. बाकावर बसल्या आणि मी इकडेतिकडे फिरत त्या गोणपाटापाशी जाऊन थांबलो. शिवण उसवून हँडलची डावी मूठ तेवढी बाहेर आली होती. माझा हात केव्हा तिकडे गेला आणि दोन बोटांनी क्लच केव्हा दाबला, हे मला कळलेसुद्धा नाही.

"लोकांचं सामान आहे, हात लावू नका," सौ. बाकावरून म्हणाल्या. मग थोडे थांबून, "आणि मनातही आणू नका."

पण ते मनात येऊन गेलेच होते.

माझे वय तेव्हा अडुसष्ट. मोटारसायकल सोडून एकतीस वर्षे झालेली. १९८१ साली बरकतपुऱ्यातल्या एका निवृत्त अधिकाऱ्याकडून मी जुनी बुलेट घेतली. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचे ते दिवस. जुनी गाडी मिळाली, तीही साडेतीनशे सीसीची, म्हणजे मोठे भाग्यच. मद्रासच्या मद्रास मोटर्सने इंग्लंडमधल्या रेडिचच्या कारखानदारांशी भागीदारी करून १९५५ साली एन्फील्ड इंडिया ही कंपनी काढली. पुढे तिकडचा कारखाना बंद पडला तरी तिरुवोत्तियूरला त्याच घडणीचे इंजिन निघत राहिले. त्या गाडीला चालू करणे ही एक छोटी पूजाच असे. पेट्रोलचा कॉक उघडायचा, डिकॉम्प्रेसरचा खटका दाबून अँमीटरचा काटा मध्यावर येईतो किक हळूच खाली न्यायची, मग खटका सोडून अंगाचा सगळा भार एका लाथेत घालायचा. विधीत चूक झाली तर किक उलटी फिरून घोट्याचा समाचार घेई. माझे एक स्नेही येझदी चालवीत. म्हैसूरच्या आयडियल जावाची ती गाडी, पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागणारी. तिची किक म्हणजेच तिचा गिअर; एकच दांडी उभी केली की किक आणि आडवी केली की गिअर. ते माझ्या पूजेला हसत आणि मी त्यांच्या धुराला.

असो. ते सगळे १९९४ च्या पावसाळ्यात संपले. मलकपेटेहून संध्याकाळी परत येत होतो. मागे मुलगी, वय वर्षे आठ. चादरघाटचा पूल ओलांडून अलीकडे आलो आणि एक हातगाडी आडवी आली. पुढे काय झाले ते सेकंदाचे काम. आम्ही दोघे रस्त्यावर, गाडी दहा-बारा हात पुढे घसरत गेलेली, मुलीचे डावे मनगट मोडलेले. सहा आठवडे प्लास्टर. पुढच्याच महिन्यात मी बुलेट मिळेल त्या किमतीला विकून टाकली. कोणी विचारले की सांगत असे, रस्त्यावर कुठल्याशा टँकरचे तेल सांडले होते, वरून पाऊस. देवाच्या बापाला गाडी आवरली नसती. सांगता सांगता माझाही त्यावर विश्वास बसला. पुढे स्कूटर आली, मग मोटार आली आणि मोटारसायकल हा आमच्या घरात न काढण्याचा विषय झाला.

कायदा मात्र मला विसरला नव्हता, ही एक गंमतच. मोटारीच्या परवान्याबरोबर गिअरच्या दुचाकीचा परवानाही वेळच्या वेळी नूतन होत आला होता. सध्याच्या नियमाप्रमाणे पंचावन्न वर्षांपुढच्यांना तो पाच-पाच वर्षांनीच मिळतो, चाळिशीनंतर डॉक्टरांचे १-अ नमुन्यातले प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मुदत संपून वर्ष उलटले तर गाडी चालवून दाखवण्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागते. मी मुदत कधी चुकवली नाही. त्यामुळे परीक्षा द्यावी लागली नाही आणि एकतीस वर्षांत मोटारसायकलवर बसलात का, हेही कोणी विचारले नाही. कागदोपत्री मी पक्का मोटारसायकलस्वार होतो.

शेजारच्या रेड्डींच्या मुलाने नुकतीच नवी बुलेट घेतली होती. एका रविवारी सकाळी तो म्हणाला, "अंकल, एक राउंड मारा." गल्ली रिकामी होती. बटण दाबताच इंजिन सुरू झाले. पूजेची गरजच नाही. क्लच दाबला आणि गिअर टाकण्यासाठी उजवा पाय उचलला. पायाखाली काही लागलेच नाही. तेव्हा आठवले की गिअर आता डावीकडे असतो. मग डाव्या पायाने पहिला टाकला, गाडी निघाली, दुसरा पडला. बरे वाटले. गल्लीच्या तोंडाशी एक पोर सायकलवरून आले. वेग कमी करण्यासाठी मी, एकवीस वर्षांच्या मुलाच्या शांतपणे, डावा पाय खाली दाबला. माझ्या जुन्या गाडीचा ब्रेक तिथे होता. या गाडीचा गिअर होता. वेग कमी होण्याऐवजी इंजिन ओरडले, मागचे चाक हिसकले. घाबरून मी दोन्ही पाय खाली टाकले. पोर केव्हाच निघून गेले होते. उभ्या गाडीचा तोल मात्र गेला आणि इराण्याच्या बंद हॉटेलच्या पायरीवर मी सावकाश, जवळजवळ सन्मानपूर्वक, आडवा झालो. रेड्डींच्या मुलाने एकट्याने गाडी उचलली. मला ती जागची हलवता येत नव्हती.

ज्यांनी जुनी बुलेट चालवली नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. इंग्लिश पद्धतीच्या गाड्यांना गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी असे. आमच्या बुलेटचा पहिला गिअर वर उचलून पडे आणि बाकीचे तीन खाली दाबून. १९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेने गिअर डावीकडे आणि ब्रेक उजवीकडे असा दंडक घातला आणि जगभरचे कारखानदार त्या मार्गाला लागले. जपानी गाड्या तशाच होत्या. १९८५ साली आलेल्या हीरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १०० यांनी आपल्याकडच्या एका पिढीचे पाय त्याच सवयीचे केले. बुलेट मात्र नव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत उजवा गिअर धरून बसली होती. म्हणजे माझ्या पायांना बाजूही उलटी शिकायची होती आणि दिशाही उलटी. कारण आता पहिला गिअर खाली पडतो आणि पुढचे वर.

निंबोलीअड्ड्यावर एक उस्ताद आहेत. माझ्या जुन्या गाडीचे व्हॉल्व्ह त्यांनी अनेकदा बसवून दिले होते. पांढरी दाढी, डोळ्यांवर जाड भिंगे, तरी आवाजावरून दोष सांगतात. त्यांना मी घडले ते सांगितले. ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, "साब, आप कुछ बी भूले नै. येइच तो मुसीबत है." पोहणे आणि सायकल माणूस विसरत नाही असे आपण म्हणतो, त्याची दुसरी बाजू ही. शरीराला आठवते हे खरे. पण त्याला आठवते ती तीस वर्षांपूर्वीची गाडी, तीस वर्षांपूर्वीचा रस्ता आणि तीस वर्षांपूर्वीचे स्वतःचे बळ. ज्याला काहीच येत नाही तो निदान विचार करून पाय टाकतो. मी विचार न करता टाकला.

उस्तादांपाशीच मोहाचा खरा क्षण आला. त्यांच्या दुकानाच्या मागे १९७६ सालची एक बुलेट उभी होती. उजवा गिअर, तेच डिकॉम्प्रेसर, तोच अँमीटर. विकायची होती. मी तिच्यावर बसलो आणि दोन्ही पाय आपापल्या घरी गेल्यासारखे जागेवर बसले. मनात आले, पायांना नवे शिकवण्यापेक्षा पायांच्या जोगी गाडीच का घेऊ नये? हा युक्तिवाद मला आजही अगदी खोटा वाटत नाही. कागदपत्रांची कटकट होती. पंधरा वर्षांनंतर नोंदणी नूतन करून घ्यावी लागते आणि पुढे दर पाच वर्षांनी तेच. पण ती होण्याजोगी होती. सुटे भाग राणीगंजच्या बाजारात अजून मिळतात. उस्ताद हयात आहेत. रात्री झोप लागली नाही. सौ.ना वाटले पित्त झाले.

सकाळी मुलीला फोन केला. ती दोन दिवसांनी नांदेडला परतली होती आणि पायरीवरच्या शयनाची हकिकत तिला आईकडून कळली होती. मी जुन्या बुलेटचे गुण सांगत राहिलो, ती ऐकत राहिली. शेवटी तिने एवढेच विचारले, "तिचा पुढचा ब्रेक कसा आहे, बाबा?"

मी म्हणालो, जुन्या गाड्यांचा असतो तसा, ड्रमचा. आणि पुढच्या ब्रेकचे एवढे काय, तो आम्ही वापरीतच नसू.

हे बोललो आणि गप्प झालो.

आमच्या पिढीला शिकवणाऱ्या प्रत्येकाने एक गोष्ट कानीकपाळी ओरडून सांगितली होती. पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, तोंडघशी पडशील. ज्यांनी मला बुलेट विकली त्यांनी किल्लीबरोबर हाच उपदेश दिला. आणि तो उलटा आहे. गाडी थांबवू लागले की सगळा भार पुढच्या चाकावर येतो. मागचे चाक हलके होते, त्याची रस्त्यावरची पकड कमी होते. म्हणून थांबवण्याचे बहुतेक काम पुढचाच ब्रेक करू शकतो. नुसता मागचा ब्रेक जोराने दाबला की हलके झालेले चाक फिरायचे थांबते, रुतते आणि घसरते. ओल्या रस्त्यावर तर हमखास. पुढचा एकदम आवळला तर तोही रुतेल, हे खरे. तो हळू सुरू करून वाढवत न्यायचा असतो. पण त्यासाठी त्याला हात लावावा लागतो. तेरा वर्षांत मी तो चढावर गाडी उभी करण्यापलीकडे कधी दाबला नव्हता.

चादरघाटच्या त्या संध्याकाळी मी काय केले होते, हे मला त्या फोनवर प्रथम दिसले. हातगाडी दिसताच मी डावा पाय जीव खाऊन दाबला. चाक रुतले, गाडीची शेपूट उजवीकडे गेली. तेल असेलही रस्त्यावर, नसेलही. मी कधी खाली वाकून पाहिले नव्हते.

मुलीला तसे सांगितले. सांगायला जड गेले. ती म्हणाली, "मला माहीत आहे. मागचं चाक बाजूला गेलं तेव्हा मी त्याच्यावरच बसले होते ना."

एकतीस वर्षे तिला हे ठाऊक होते आणि पाहुण्यांपुढे मी टँकरचे तेल सांडत असे तेव्हा ती शेजारी बसून ऐकत असे.

त्यानंतर गाडीची निवड वेगळ्या वाटेने गेली. कोणती शोभेल, हा प्रश्न राहिला नाही. रुतत्या चाकाला सोडवणारी यंत्रणा आता मिळते. तिला एबीएस म्हणतात. चाक थांबू लागले की ती ब्रेकची पकड क्षणभर ढिली करते आणि पुन्हा आवळते, तेही सेकंदाला अनेक वेळा. १ एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीवरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला ती सक्तीची झाली. सव्वाशेपर्यंतच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक जोडून लावणारी साधी व्यवस्था चालेल असे ठरले. माझ्यासारख्याला ही जोडणीही वाईट नव्हे, कारण मागचा दाबला की पुढचाही थोडा लागतो. पण मला एबीएस हवे होते. माझ्या पायावर माझा विश्वास राहिला नव्हता.

दुसरा प्रश्न वजनाचा. माहितीपत्रकातला हा आकडा आपण पंचविशीत वाचीतच नाही. आजची साडेतीनशेची बुलेट १९५ किलोची आहे. त्याच कारखान्याची हंटर १८१ किलो, होंडाची सीबी ३५० त्याच सुमाराची. शंभर सीसीची स्प्लेंडर ११२ किलो. बैठकीची उंची पाहाल तर सगळ्यांची आठशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पाय टेकण्याचा प्रश्न सारखाच. फरक पडतो तो गाडी कलली म्हणजे. चालत्या गाडीला वजन नसते, उभ्या गाडीला असते, आणि उतारवयातले स्वार चालत्या गाडीवरून पडतात त्याहून पुष्कळदा उभ्या गाडीखाली सापडतात, असे उस्तादांचे मत आहे. पायरीच्या अनुभवानंतर मला ते अमान्य करता येत नाही. त्यामुळे मी परीक्षेची एक रीत ठरवली. दुकानात गेलो की इंजिन सुरू न करता गाडी आधी हाताने ढकलावयाची: पुढे दहा पावले, मागे दहा पावले, शक्य तर चढावर मागे. मग स्टँडवरून काढून थोडी कलती धरावयाची आणि ती कुठवर आपली आहे आणि कुठून पुढे जमिनीची, हे पाहावयाचे. विक्रेते चकित होत. एका दुकानातल्या मुलाने फार अदबीने विचारले, "सर, आपको स्कूटर दिखाऊँ?" जावईबापूंचे म्हणणेही तेच होते, विजेवर चालणारी स्कूटर घ्या, गिअर नाही, धूर नाही, पाय खुशाल मोकळे. त्यांच्या म्हणण्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. गिअर टाकण्याची हौस हे काही उत्तर नव्हे, पण तेवढेच खरे होते.

स्नेह्यांनी आपल्या येझदीची शिफारस केली. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी हे नाव २०२२ मध्ये नव्या मालकांनी परत आणले. आम्ही दोघे जाऊन पाहून आलो. गाडी देखणी आहे. इंजिन चार फेऱ्यांचे आणि पाण्याने थंड होणारे आहे, धूर नाही, तेल मिसळणे नाही. स्नेही तिच्याभोवती दोनदा फिरले, टाकीवर हात फिरवला आणि म्हणाले, "नाव तेच आहे." परतताना रिक्षात आम्ही फारसे बोललो नाही.

शेवटी जी गाडी ठरली तिच्याकडे रस्त्यात कोणी मान वळवून पाहत नाही. होंडाची युनिकॉर्न. एकशेसाठ सीसीच्या आसपासचे इंजिन, वजन एकशेचाळीस किलोच्या आतबाहेर, एबीएस पुढच्या चाकाला. आवाज इतका बेताचा की देवळापुढे थांबली तर आरतीत व्यत्यय येऊ नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला होता. त्याचाही हातभार लागला. मला दसऱ्याला घ्यावयाची होती. मुलीची अट होती की आधी सराव, मग खरेदी. तेव्हा दिवाळीचा पाडवा ठरला.

सराव रेड्डींच्या मुलाच्या मित्राच्या जुन्या सव्वाशेवर केला. रविवारी सकाळी सहाला ट्रूप बझारची दुकाने बंद असतात, रस्ता मिळतो. तीन रविवार मी फक्त थांबलो. ताशी वीस, मग तीस, मग चाळीसवरून. प्रत्येक वेळी उजव्या हाताने पुढचा आधी, उजव्या पायाने मागचा हलका. पहिल्या दिवशी डावा पाय नऊ वेळा चुकला. मी मोजीत होतो. तिसऱ्या रविवारी एकदा. थांबण्याचे गणितही तिथेच समजले. ताशी साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते. डोळ्यांनी पाहून हाताने ब्रेक दाबेपर्यंत तरुणाला समजा एक सेकंद लागला आणि मला दीड, तर ब्रेक लागण्यापूर्वीच मी त्याच्याहून आठ मीटर पुढे गेलेला असतो. आणि पुढचे घसटत थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते. चाळीसवर हाच फरक साडेपाच मीटरांचा राहतो. म्हणून चाळीस. कोठीच्या रस्त्यावर त्याहून जोरात जाता येते असेही नाही. २०२० साली मेट्रो सुरू झाल्यापासून सुलतान बाजारात तिच्या खांबाआडून कोण बाहेर येईल, याचा नेम नसतो.

माळ्यावर जुने हेल्मेट सापडले. आतले अस्तर बोटांनी दाबताच भुसा होऊन खाली पडले. नवे घेताना आयएस ४१५१ चा शिक्का पाहून घेतला. १ जून २०२१ पासून त्या शिक्क्याविना हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी पदपथावर टोपल्या भरलेल्या असतातच. केंद्राच्या वाहतूक मंत्रालयाचे २०२२ चे आकडे मुलीने मला मुद्दाम पाठवले होते. त्या वर्षी रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली; त्यांतली शंभरातली चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची; आणि हेल्मेट नसलेली ५०,०२९, ज्यांतले चौदा हजारांहून अधिक मागे बसलेले. शेवटच्या आकड्याखाली तिने रेघ ओढली होती. मी दोन हेल्मेटे घेतली.

आणखी एक गोष्ट लिहावी की नको, असा विचार करीत होतो; पण समवयस्क वाचकांच्या उपयोगी पडेल. माझा चष्मा दुभंगी आहे. मान न हलवता खाली वेगाचा काटा पाहिला की नजर जवळच्या भिंगातून जाते आणि वर येईपर्यंत रस्ता क्षणभर पुसट होतो. मोटारीत हे जाणवले नव्हते. डॉक्टरांनी गाडीसाठी निव्वळ लांबचा चष्मा करून दिला. काटा त्यातून अंधुक दिसतो, पण चाळीस आणि साठ यांतला फरक कळण्याइतका दिसतो. डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे, समोरचे दिवे रात्री फुटल्यासारखे दिसतात. तेव्हा दिवेलागणीनंतर गाडी काढावयाची नाही, हे मीच ठरवून टाकले. तुळजापूरला गाडीवर जाण्याचा बेत मी पूर्वी दरवर्षी करीत असे. पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर, जहिराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग. तो बेत सध्या सौ.च्या कानावर घातलेला नाही.

पाडव्याला गाडी आली. तिच्या पाटीवर टीजी ही अक्षरे आहेत. माझ्या बुलेटची पाटी तीन अक्षरांच्या जुन्या मालिकेतली होती. मग एपी आले, २०१४ नंतर टीएस, २०२४ पासून हे. गाव तेच, देवडी तीच. सौ.नी गाडीला हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला आणि "मी बसणार नाही" असे सांगून आत गेल्या. अजून बसलेल्या नाहीत. परवा मात्र साडीचे जाळे पक्के आहे ना, म्हणून विचारीत होत्या. देवडीचा उंबरठा उंच आहे, गाडी आत घेताना इंजिनाचा तळ घासतो. गवंड्याला सांगितले आहे, तो संक्रांतीनंतर उतार बांधून देणार आहे.

भाऊबीज आटोपून मुलगी परत निघाली. जावईबापू आणि सामान रिक्षातून पुढे गेले. तिने दुसरे हेल्मेट खुंटीवरून काढले आणि काही न बोलता मागे बसली. डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला. घर ते काचीगुडा स्थानक, अंतर दीड किलोमीटरसुद्धा नाही. सकाळची वेळ, रस्ता कोरडा. चौरस्त्याचा दिवा दुरून पिवळा झालेला दिसला.

"पुढचा, बाबा," ती म्हणाली.

मी तो आधीच दाबायला घेतला होता.